भुंकणे कुत्र्याचे, कर्तव्य धन्याचे

कुर्डुवाडी हे रेल्वेने वाढवलेले गाव आहे. मुंबईहून सोलापूरमार्गे मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे स्थानक एके काळी 'बार्शी रोड' या नावाने ओळखले जात असे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी अडीच फुटी रुळांवरून येथून बार्शीकडे धावू लागली. पुढे तोच मार्ग एका अंगाने लातूरला आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूर व मिरजेला जाऊन मिळाला. ती छोटी गाडी आता इतिहासजमा झाली आणि रुळही रुंद झाले. परंतु गाड्यांचा राबता वाढतच गेला. रात्री मुंबईकडे निघालेली सिद्धेश्वर, मागेपुढे मालगाड्या, इंजिनाचा भोंगा, फलाटावरील उद्घोषणा हे सारे उशाशी घेऊन या गावाच्या पिढ्यान् पिढ्या निर्धास्त झोपत आल्या आहेत.

असे हे गावही शेजारच्या गच्चीवर बांधलेल्या एका कुत्र्याच्या भुंकण्याने रात्र रात्र जागे राहू शकते. 'मालगाडी चालते, मग कुत्रा का चालत नाही?' असा प्रश्न कुत्र्याचा धनी हमखास विचारतो आणि तक्रार करणाऱ्याला त्याचे उत्तर चटकन सुचत नाही. वास्तविक उत्तर सोपे आहे. गाडी येते, जाते आणि संपते. तिची वेळ मनाला ठाऊक असते, तिचा आवाज दुरून वाढत येतो आणि ओसरत जातो. कुत्र्याच्या भुंकण्याला ना वेळ, ना शेवट. ते थांबले असे वाटून डोळा लागतो तोच पुन्हा सुरू होते. म्हणजे माणूस केवळ आवाजाने जागा राहत नाही, तर आवाजाची वाट पाहत जागा राहतो. शिवाय गाडी कोणाच्या मालकीची नसते. कुत्रा मात्र ओळखीच्या माणसाचा असतो. 'याला सांगूनही हा ऐकत नाही' ही भावना त्या आवाजात मिसळली की झोपेबरोबर मनाचे स्वास्थ्यही जाते.

वैचारिक नियतकालिकाच्या पानांवर कुत्र्याच्या भुंकण्याची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. राष्ट्रापुढील मोठ्या प्रश्नांच्या तुलनेत हा विषय क्षुल्लक खराच. परंतु समाज एकसंध असला पाहिजे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की, समाज प्रथम तुटतो तो दोन घरांमधल्या भिंतीवर. जिल्ह्याच्या गावांतून वार्तांकन करताना भांडणांची जी मुळे दिसतात ती फार मोठी नसतात. शेताचा बांध, सांडपाण्याची मोरी, सामाईक भिंत आणि अलीकडे पाळलेला कुत्रा! प्रथम बोलणे बंद होते, मग मुलांचे एकत्र खेळणे बंद होते, मग सणाचे ताट भिंतीपलीकडे जाणे थांबते. पिढ्यांचा घरोबा एका मुक्या प्राण्यापायी मोडतो, आणि त्या प्राण्याला याची कल्पनाही नसते.

झोप कोणाची मोडते?

या प्रश्नात पणाला काय लागले आहे ते कुर्डुवाडीसारख्या गावात अधिक स्पष्ट दिसते. रेल्वेच्या गावात सगळे जण रात्री झोपत नाहीत. लोको पायलट, गार्ड (२०२२ पासून त्यांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात), पॉइंट्समन, रुळांची देखभाल करणारे कर्मचारी अशा अनेकांची कामे पाळ्यांमध्ये चालतात. रात्रभर गाडी हाकून सकाळी घरी आलेल्या माणसाची रात्र सकाळी नऊला सुरू होते. त्याच्या विश्रांतीचे तास रेल्वे ठरवून देते, पण ती विश्रांती त्याला मिळेल की नाही हे शेजारी ठरवतो. त्याची झोप ही त्याची एकट्याची खासगी बाब नसते. त्याच्या पाठीमागे डब्यांत निश्चिंत झोपलेल्या शेकडो प्रवाशांचा तो विश्वास असतो. रुग्णालयातील परिचारिका, सूतगिरणीतील वा साखर कारखान्यातील कामगार, रात्रीच्या बसचा चालक या सर्वांना हेच लागू आहे.

त्याखेरीज दहावी-बारावीच्या परीक्षेला बसलेली मुले आहेत, नुकतीच बाळंत झालेली सून आहे, हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेले आजोबा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, चांगल्या झोपेसाठी शयनगृहातील सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा आणि अधूनमधून उठणारा एकेक आवाज ४५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा. कुत्र्यांच्या निवाऱ्यांमध्ये झालेल्या मोजण्यांत १०० डेसिबलच्या पुढचे आकडे आढळले आहेत. घरातला एकटा कुत्रा तेवढा गोंगाट करत नाही हे मान्य केले, तरी दहा फुटांवरच्या खिडकीशी त्याने मध्यरात्री केलेले भुंकणे कोणत्या बाजूला पडेल हे सांगण्यास यंत्राची आवश्यकता नाही.

कुत्रा का भुंकतो?

भुंकणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे, त्याला काय करणार, हा धन्याचा दुसरा ठरलेला युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. कुत्र्याचा पूर्वज असलेला लांडगा क्वचितच भुंकतो. भुंकण्याची सवय कुत्र्याने माणसाच्या सहवासात वाढवली, आणि ती मुख्यतः माणसाला काही सांगण्यासाठी. हंगेरीतील काही संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलेले भुंकणे लोकांना ऐकवले. कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो आहे, खेळताना भुंकतो आहे, की एकटा बांधून ठेवला म्हणून भुंकतो आहे, हे केवळ आवाजावरून ऐकणाऱ्यांना बऱ्याच प्रमाणात ओळखता आले. म्हणजे भुंकणे हा निरर्थक गोंगाट नसून तो निरोप असतो. तासन् तास चालणाऱ्या भुंकण्यातील निरोप बहुतेक वेळा एकच असतो : 'मी एकटा आहे, मला सोडवा.'

आपल्या गावांतून कुत्रा कसा पाळला जातो ते पाहा. हौसेने पिल्लू आणले जाते. दोन महिने घरातली मुले त्याला कडेवर घेऊन मिरवतात. ते मोठे झाले, घरात घाण करू लागले, की त्याची रवानगी गच्चीवर, जिन्याखाली किंवा फाटकाशी होते. गळ्यात चार फुटांची साखळी पडते. सकाळ-संध्याकाळ भाकरीचा तुकडा आणि भांडेभर पाणी मिळाले की धन्याला आपले कर्तव्य संपले असे वाटते. फिरवणे नाही, खेळ नाही, माणसाचा हात नाही. रस्त्याने मोकळे कुत्रे जाताना दिसतात, त्यांच्याकडे जाता येत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि गच्चीची फरशी तव्यासारखी तापते. त्यात हौस म्हणून सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढण्यासाठी घडलेल्या जातीचे केसाळ कुत्रे आणले असेल, तर त्याच्या हालांना पारावार राहत नाही. ज्यांना जातिवंत कुत्राच हवा त्यांच्यासाठी शेजारच्या मुधोळचा शिकारी कुत्रा आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या या जातीवर डाक विभागाने २००५ साली तिकीटही काढले. मात्र तोही धावण्यासाठी जन्मलेला आहे. चार फुटांच्या साखळीत तोही सुखी होणार नाही.

'चोरांपासून राखण' हे कुत्रा बांधून ठेवण्याचे समर्थन म्हणून सांगितले जाते. शेतातल्या वस्तीवर, जिथे दुसरे घर अर्ध्या मैलावर असते, तिथे राखणीच्या कुत्र्याचे भुंकणे आवश्यक आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. गावातल्या दाट वस्तीचा प्रकार निराळा. जो कुत्रा पेपरवाल्यावर, दूधवाल्यावर, मांजरावर, वाऱ्याने हललेल्या फांदीवर सारखाच भुंकतो, तो चोरावर भुंकला तरी उठून कोण पाहणार? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट लहानपणी आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. अशा कुत्र्याने राखण होत नाही, केवळ शेजाऱ्याची झोप जाते.

परंपरेने काय शिकवले?

प्राणिप्रेम ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना आहे असे समजणाऱ्यांनी महाभारत पुन्हा उघडावे. या महाकाव्याच्या प्रारंभीच आदिपर्वात सरमा या देवशुनीच्या पिल्लाची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञस्थानी आलेल्या त्या पिल्लाला राजाच्या भावांनी विनाकारण मारहाण केली. पिल्लाने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमेने येऊन जाब विचारला तेव्हा कोणाजवळ उत्तर नव्हते. निरपराध पिल्लाला मारल्याबद्दल अकल्पित भय तुमच्यावर येईल, असे ती बजावून गेली आणि राजा चिंतेत पडला. याच महाकाव्याच्या शेवटाकडे महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात उभा आहे आणि सोबत चालत आलेल्या कुत्र्याला सोडून रथात चढण्यास नकार देत आहे. आश्रयाला आलेल्याचा त्याग करणार नाही, ही त्याची भूमिका. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे मागाहून उघड होते. युधिष्ठिराला ते आधी ठाऊक नव्हते, हे महत्त्वाचे.

आपल्या अंगणातील परंपरा तर याहून जवळची. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान, जेजुरीच्या खंडोबाच्या सोबतीला श्वान, आणि कुर्डुवाडीपासून अगदी जवळच्या पंढरपुरात ज्यांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे त्या नामदेवरायांची तुपाच्या वाटीची कथा प्रत्येक वारकरी घरात सांगितली जाते. कुत्र्याने भाकरी पळवली, तर त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून संत तूप घेऊन मागे धावले. जुन्या घरांतून वैश्वदेवाच्या वेळी गृहस्थाने जेवण्याआधी कुत्र्यासाठी घास बाहेर ठेवण्याची रीत होती.

या कथांचा सोयीस्कर अर्थ मात्र काढता कामा नये. कुत्रा पाळला म्हणजे आपण नामदेवांच्या वाटेने चाललो असे होत नाही. नामदेव कुत्र्याच्या मागे धावले; आपण त्याला साखळीने बांधून आत पंखा लावून झोपतो. सरमेच्या कथेतील जाब आज कोणाला विचारला जाईल? दगड मारणाऱ्या शेजाऱ्याला तर विचारला जाईलच, पण निरपराध प्राण्याला जन्मठेप देणाऱ्या धन्यालाही तो द्यावा लागेल.

दंडुक्याने प्रश्न सुटत नाही

त्रासलेल्या माणसाची पहिली ऊर्मी कुत्र्याचा काटा काढण्याची असते. विषारी गोळी घालण्याच्या घटना अधूनमधून कानांवर येतात. हे पाप तर आहेच, गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये कोणत्याही प्राण्याला हानीच्या हेतूने ठार मारणे, विष देणे वा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. ज्याची तक्रार न्याय्य होती तो माणूस एका रात्रीत आरोपी होतो, आणि खरा दोषी असलेला धनी सहानुभूतीचा धनी होतो.

महाराष्ट्राला याचा एक जुना धडा मिळालेला आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कुत्र्यांवरून दंगल पेटली. उन्हाळ्यात भटके कुत्रे मारण्याची मोहीम इंग्रज अधिकाऱ्यांनी वाढवली, मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळे, आणि त्या लोभाने घरचे कुत्रेही ओढून नेले जाऊ लागले. कुत्र्याला धार्मिक महत्त्व देणारा पारशी समाज खवळला. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. नंतर सर जमशेटजी जीजीभॉय आदी प्रतिष्ठित नागरिकांनी मध्यस्थी केली, आणि १८३४ साली त्यांच्या व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. काठीने जे साधले नाही ते जाणत्या नागरिकांनी संस्था उभारून साधले. सर्वोच्च न्यायालयातही २०२५ साली दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणी ११ ऑगस्टला सरसकट निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला आणि अकराच दिवसांत, २२ ऑगस्टला, निर्बीजीकरण व लसीकरण करून बहुतेक कुत्रे मूळ जागी सोडावेत अशी दुरुस्ती करावी लागली. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न निराळा आहे, त्यांना धनी नाही. पाळलेल्या कुत्र्याला धनी आहे, म्हणून हा प्रश्न सुटणारा आहे.

कायदा कोठवर साथ देतो?

'पोलिसांत जा' असे सांगणे सोपे असते. ठाण्यात गेलेल्या नागरिकाला मात्र 'कुत्रा भुंकणारच' असे ऐकून परतावे लागते. यात सगळा दोष पोलिसांचा नाही; कायद्याची घडणच तशी आहे.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने आवाज वाढला तर तक्रार करता येते. पण ही मर्यादा सरासरी आवाजाची आहे. ध्वनिक्षेपक अखंड वाजतो, म्हणून सरासरीत सापडतो. भुंकणे क्षणभराचे असते आणि मधल्या शांततेत विरून सरासरीतून निसटते. झोप मोडायला तो एक क्षण पुरेसा असतो, हे मोजणारे यंत्र जाणत नाही. आणि दिवसा झोपणाऱ्या रात्रपाळीच्या कामगाराची 'रात्र' तर या नियमांच्या हिशेबातच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. स्वतःच्या घरातील आवाजही शेजाऱ्यावर लादण्याचा अधिकार कोणाला नाही, हे त्यातील सूत्र आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. अनेक घरांना उपद्रव होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३) उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. मात्र तो उपद्रव सार्वजनिक असावा लागतो. एकाच घराला त्रास असेल तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा, मनाई हुकुमाचा. आणि तो किती लांबतो हे कोणाला सांगायला नको.

सर्वांत उपयोगी तरतूद मात्र जिथे कोणी शोधत नाही तिथे आहे. नृत्यकलेसाठी विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत १९५३ साली मांडलेल्या विधेयकाच्या प्रेरणेतून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आला. त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे ही क्रूरता ठरवली आहे. इतकेच नव्हे, तर नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणारा मालकही त्याच कलमाखाली दोषी ठरतो. म्हणजे ज्या दुर्लक्षामुळे कुत्रा अहोरात्र भुंकतो, ते दुर्लक्ष पासष्ट वर्षांपासून या देशात गुन्हा आहे! दुर्दैव असे की, पहिल्या अपराधासाठी दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. १९६० साली पन्नास रुपये ही काही रक्कम होती. आज तेवढ्यात दोन माणसांचा नाश्ताही होत नाही. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून कुत्रा साखळीने बांधून ठेवण्यावर, कामाच्या कुत्र्यांसाठीचा अपवाद सोडल्यास, बंदीच घातली. आपला कायदा विचाराने त्यांच्या आधीचा आहे, पण त्याचे दात पडले आहेत. ते नव्याने बसवण्याची मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे झाली पाहिजे.

या तरतुदीचा खरा लाभ दंडात नाही. तिने भांडणाची मांडणीच बदलते. 'तुमच्या कुत्र्याचा मला त्रास होतो' असे म्हटले की दोन घरे समोरासमोर उभी राहतात. 'तुमच्या कुत्र्याला त्रास होतो आहे' असे म्हटले की शेजारी आणि कुत्रा एका बाजूला येतात आणि धन्याला स्वतःकडे पाहावे लागते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच संतुलन साधतात. भुंकणे नैसर्गिक आहे, समाजाने ते सोसावे. परंतु अखंड भुंकण्याने शेजाऱ्यांना उपद्रव होतो, म्हणून विशेषतः रात्री कुत्रा शांत राहील असा सर्व प्रयत्न मालकाने करावा, असे त्या सांगतात. कुत्रा पाळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार निवासी संस्थांना नाही, हेही त्यांत स्पष्ट आहे. दोन्ही पक्षांनी आपल्या सोयीचे अर्धे वाक्य वाचू नये, एवढीच अपेक्षा.

क्रम महत्त्वाचा

म्हणून तक्रार करणाऱ्यासाठी काही क्रम सुचवावासा वाटतो. पहिली गोष्ट, मध्यरात्री संतापाच्या भरात फाटक वाजवू नये. आठ-दहा दिवस साध्या वहीत नोंद ठेवावी : कुत्रा किती वाजता, किती वेळ भुंकला, त्या वेळी घरात कोणी होते की नाही. अनेकदा या नोंदीतूनच कारण उलगडते. घरचे सगळे कामावर जातात आणि कुत्रा दिवसभर एकटा राहतो, किंवा ठरावीक वेळी रस्त्यावरची टोळी समोरून जाते, असे काही ध्यानात येते. मग एखाद्या संध्याकाळी सपत्नीक जावे, चहा घ्यावा आणि ती वही घेऊन बोलावे. बऱ्याच धन्यांना आपल्या माघारी काय चालते हे खरोखरच ठाऊक नसते, कारण ते घरी असतात तेव्हा कुत्रा शांत असतो.

त्याने भागले नाही तर गल्लीतील एखाद्या वडीलधाऱ्याला मध्यस्थ घालावे. इतर घरांनाही त्रास असेल तर सर्वांच्या सह्यांचा अर्ज नगरपरिषदेकडे आणि पोलीस ठाण्यात द्यावा. त्याची पोच घ्यावी. पशुवैद्यकाला दाखवण्याचा आग्रह धरावा, कारण कानाचे दुखणे, त्वचेचा विकार, वृद्धापकाळातील भ्रम हीही सतत भुंकण्याची कारणे असतात. प्रांतांकडे किंवा न्यायालयात जाण्याची वेळ अगदी शेवटी यावी, आणि आली तर संकोच करू नये. न्याय्य तक्रार करणे म्हणजे शेजारधर्म मोडणे नव्हे.

धन्यासाठीचा क्रम याहून सोपा आहे. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास कुत्र्याला स्वतः फिरवून आणावे. हे काम गड्यावर सोपवू नये. त्याला दमवले की तो रात्री झोपतो. रात्री त्याला गच्चीवर न ठेवता घरात, माणसांच्या जवळ घ्यावे. रस्ता दिसणार नाही अशा आडोशाला त्याची जागा करावी. भुंकला की ओरडू नये. धनीही आपल्यासोबत भुंकतो आहे असेच त्याला वाटते. तो गप्प राहिला की शाबासकी द्यावी. स्वरतंतू कापून घेण्याचा किंवा विजेचा झटका देणारा पट्टा बांधण्याचा विचार मनातही आणू नये. निरोप ऐकायचा नाही म्हणून निरोप्याचे तोंड बंद करण्याचा तो प्रकार आहे. आणि एवढा वेळ ज्या घराकडे नाही त्या घराने कुत्रा पाळूच नये. मूल हट्ट करते म्हणून पिल्लू आणणे हा लाड आहे. त्या मुलाला रोज सकाळी उठून त्याला फिरवायला लावणे हा संस्कार आहे.

नगरपरिषदांनीही पाळीव कुत्र्यांची नोंदणी आणि रेबीज लसीकरण यांची सांगड घालून वर्षातून एक दिवस वॉर्डावॉर्डांत शिबिर भरवावे. त्याच दिवशी धन्याला साखळी, व्यायाम आणि शेजाऱ्यांचा विचार यांविषयी दोन शब्द सांगितले गेले तर निम्म्या तक्रारी उगवण्यापूर्वीच संपतील. या कामी आपल्या कार्यकर्त्यांनी पुढाकार घेण्यास काहीच हरकत नाही. दोन घरांना एका चटईवर बसवणे हे कोणत्याही मोठ्या सभेपेक्षा कमी मोलाचे काम नाही.

'भीक नको, पण कुत्रा आवर' ही म्हण आपण चेष्टेने वापरतो. तिचा सरळ अर्थ मात्र विसरतो. दारात उभा राहिलेला गरजू माणूस कुत्र्याशी भांडत नाही, त्याला दगड मारत नाही. तो घराच्या धन्याला हाक मारून सांगतो : आवर. कुत्रा ज्याचा, आवरण्याची जबाबदारी त्याची, हा न्याय आपल्या भाषेने कोणत्याही संहितेच्या कितीतरी आधी लिहून ठेवला आहे. धन्याने तो हाकेसरशी ऐकला, तर प्रांतांच्या कचेरीची पायरी चढण्याची वेळ कोणावरही येणार नाही.